वहिवाट

नोटीस मीच टाचली होती विलोच्या खोडावर,
प्लास्टिकच्या पिशवीत, चार खिळ्यांनी:
पुलाचे काम. खाली परांची. उंची तात्पुरती कमी.
नौकांनी सहकार्य करावे.

इंग्लंडच्या पूर्वेला, या सपाट मुलखात
शेतं नदीपेक्षा खोल आहेत.
बीट उपटणारा माणूस कंबर धरून सरळ होतो
आणि त्याच्या डोक्यावरून बोट जाते.

बोट थर्झा गॅदरकोलची. 'मर्सी मे'.
लोखंडी, पसरट बुडाची, आजोबांच्या वेळची.
हिवाळाभर कोळसा पोचवते
वरच्या अंगाला नांगरलेल्या सतरा बोटींना,
ज्यांच्यात माणसं राहतात, चुली आहेत, एक तान्हं मूल आहे.
केबिनचं छप्पर उतरवलं, धुरांडं आडवं केलं
तरी माझ्या पाइपांखाली
तिला जागा कमी पडत होती
दोन बोटं.

सुनावणी गावच्या हॉलमध्ये, बॅडमिंटनच्या रेषांवर खुर्च्या मांडून.
आमच्या वकिलानं विचारलं,
गेल्या हिवाळ्यात या पुलाखालून किती वेळा गेलात?
"एकदाही नाही. गुडघा मोडला होता."
तो हसला. मलाही वाटलं, संपलं.
पण अध्यक्षबाईंनी चष्मा काढला आणि म्हणाल्या,
नदीवरची वहिवाट वापरली नाही म्हणून मरत नाही.
ती मिटवायला पार्लमेंटचा कायदा लागतो,
नाहीतर नदीनंच गाळानं भरून जावं लागतं.

निकाल सहा आठवड्यांनी, असं म्हणून त्यांनी फाइल बांधली.

सहा आठवडे. बाहेर नोव्हेंबर.
हक्क शाबूत होता, अगदी जिवंत,
आणि कोळसा पुलाच्या या बाजूला.

शनिवारी सकाळी काठावर गर्दी दिसली.
मला वाटलं मोर्चा.
पण फलक नव्हते. नुसती माणसं,
एकेक करून बोटीवर चढणारी:
खाटीक, त्याची बायको, चर्चची घंटा वाजवणारे दोघं,
पोस्टातली जाडजूड इडोनिया, आणि लाजत लाजत
सुनावणीत चहा देणारा पोरगा.
थर्झा पाण्याकडे वाकून पट्टी बघत होती.
बोट बसत होती. केसभर, केसभर.

"एकवीस झाले. अजून एक पाहिजे."
तिनं माझ्याकडे बघितलं.
"तू किती किलो, इंजिनिअर?"
अठ्ठ्याऐंशी, मी म्हणालो.
"चढ."

सगळे बसलो, मांडीला मांडी लावून, डोकी खाली.
इंजिन बंद. वरच्या पाण्याकडे दोरानं ओढत नेलं आम्हाला.
मी पहिल्यांदाच माझं काम खालून पाहिलं:
गंजाचे थेंब, क्लॅम्पवर माझाच नंबर, उलटा,
आणि नाकापासून वीतभर अंतरावर
एका पाइपात कोळ्याचं जाळं, न तुटलेलं.
कुणीतरी श्वास रोखला. मग सगळ्यांनीच,
जणू हवेनंही वजन वाढतं.

पलीकडे उजेड. उतरलो तशी बोट वर आली.
मी म्हटलं, परत येताना कोळसा नसेल,
बोट हलकी, म्हणजे आणखी उंच. तेव्हा काय?
दोर गुंडाळता गुंडाळता ती म्हणाली,
"तेव्हा पाणी भरू पोटात. नाहीतर
गाव जास्त जेवेल."

संध्याकाळी साइटच्या वहीत मी नोंद केली:
शनिवार. एक नौका, वरच्या दिशेने. पार.
वजनाचा रकाना होता.
तो कोरा ठेवला.