राखाडी ओळी

बाणेरच्या ऑफिसात साडेअकरा.
एसी बंद. वॉचमन दोनदा डोकावून गेला.
काळ्या पडद्यावर बागवानची फाइल उघडते मी.
मार्चमध्ये गेला तो, डेस्कावर
कढीपत्त्याचं रोप ठेवून.

आधी रंग आलेच नाहीत.
शब्दाशब्दाला चिकटलेला अर्धा कंस,
एकतीस एम, बत्तीस एम, शून्य एम.
रंगपेटी उघडावी
आणि आत नुसत्या चिठ्ठ्या निघाव्यात तसं.

मग कमांडला एक मोठा आर जोडला
आणि ओळी उजळल्या.
जर-तर निळे, आकडे जांभळे,
अवतरणातलं सगळं कैरीसारखं हिरवं.

बागवानला लाल-हिरवं एकच दिसायचं.
"मला कंसांवरून कळतं गं," म्हणायचा,
आणि चुका माझ्याच सापडायच्या.

सगळ्यात फिकट, राखाडी,
वाचायला मान पुढे काढावी लागते
इतकं पुसट तेवढंच,
जे यंत्र वगळून पुढे जातं.
दोनशे बाराव्या ओळीवर:
हे का चालतं ते मलाही ठाऊक नाही.
चहा पिऊन ये, मग हात लाव.

खाली टपरी कधीच बंद झालेली.
बाटलीतलं उरलेलं पाणी रोपाला घातलं,
आणि दोनशे बारा
तशीच ठेवली.