कडेकडेनं

ट्यूब संपत नाही,
आपला अंगठा दमतो.

हे वाक्य आमच्या ह्यांचं.
अंबडच्या कंपनीत बारा वर्षं
ट्यूबांच्या शेपट्या दाबल्यात त्यांनी, गरम जबड्याच्या मशीनवर.
म्हणतात, भरताना ग्रॅम ग्रॅम मोजतात,
पुरती रिकामी झाली का
ते बघायला कुणी येत नाही.
झाकणाखाली जी उतरती जागा असते ना,
तिला ते लोक खांदा म्हणतात.
खांद्याशी बोट पोचत नाही, लाटणं पोचत नाही.
कात्री पोचते.

म्हणून माझ्या पार्लरात कात्र्या तीन.
केसांची, तिला कुणी हात लावायचा नाही.
दोऱ्याची.
आणि ही गंजकी.

पवननगरला जिन्याखाली एक खुर्ची, एक आरसा.
डिसेंबरात नाशिक असं गारठतं
की खोबरेल सोडाच, लोशनसुद्धा बाटलीत पाय मुडपून बसतं.
मग सगळ्या बाटल्या फळीवर डोक्यावर उभ्या.
येणारी प्रत्येक बाई विचारते, हे काय गं?
मी म्हणते, योगा.

पंपाची नळी तळाला टेकत नाही,
अर्धं बोट वरच थांबते.
मुद्दाम असेल, नसेल.
मेडिकलवाल्या पिंगळ्यांकडून सलाइनची नळी आणली,
तुकडा जोडला.
आता ती तळ चाटते.

लिपस्टिकचं तर विचारू नका.
बाहेर दिसते ती संपली की आत वाटीत निम्मी बाकी.
काडेपेटीतली काडी घ्यायची, गुल नसलेल्या टोकानं उकरायचं.
तीन कंपन्यांचे तीन तळ
एका चमच्यात, मेणबत्तीवर.
जो रंग होतो त्याला नाव नसतं.
दातीरांच्या सुनेनं विचारलं, शेड कुठली?
म्हटलं, सातपूर.
बिचारीनं मेनरोडला चार दुकानांत मागितली.

एक डबी मात्र मी खरवडत नव्हते.
कोल्ड क्रीमची, निळ्या झाकणाची.
नसीमनं उघडलेली.
पार्लर दोघींचं होतं तेव्हा, निम्मं निम्मं.
वडाळ्याहून सायकलवर यायची,
आपला टॉवेल आपण धुवायची,
आणि क्रीम घ्यायची मधून,
विहीर खणल्यासारखी.
मी कडेकडेनं घेणारी.
त्यावरून रोज तोंडाला तोंड.
तुझी आई काय पोळी मधून खाते का, म्हणायचे मी.
मग मालेगावला स्थळ आलं.
जाताना हिशेब पुरा केला तिनं,
वॅक्सच्या पट्ट्यासुद्धा मोजून वाटल्या.
डबी कुणाची, ते दोघींनी विचारलं नाही.

कडेनं माझी गोल वाट, मधे तिचा खड्डा,
दोन्हींच्या मधे क्रीमची पातळ भिंत.
साडेतीन वर्षं.
पिवळी पडली, पण उभी.

परवा पारा सहावर आला.
शेवटचं गिऱ्हाईक गेलं, मी दार ओढून घेतलं.
टाचा अशा उललेल्या की चादरीचे दोरे ओढतात.
ट्यूबा सगळ्या कापून झालेल्या.
डबी काढली. वास घेतला.
ठीक होता.
बोट आधी तिच्या खड्ड्यात घातलं,
थेट तळाला टेकलं.
मग भिंत घेतली.
दोन टाचांना पुरली,
डावीला जरा कमी.

डबी धुतली. पिना ठेवल्या तिच्यात.
आठ वाजता मालेगावला फोन लावला,
आडून आडून सांगत होते, थंडी, टाचा, ती निळी डबी.
तिकडून कुकरची शिट्टी, लेकराचं रडणं,
आणि मधेच तिचा आवाज:
मधूनच घेतलंस ना शेवटी?

रात्रभर मोजे चिकट होते.