एक घर

टिपणिसांनी अखेर अ‍ॅम्प्लिफायर घेतला.
पेन्शनच्या थकबाकीतून, चारशे वॉटचा.
ऐरोलीच्या चौथ्या मजल्यावर दोघांनी धरून चढवला.
पहिल्याच संध्याकाळी त्यांनी सीक्यू पुकारला
आणि खालच्या मढवींची डोअरबेल वाजली.
दारात कुणी नाही.
पुन्हा पुकारा, पुन्हा बेल.
तिसऱ्यांदा मढवी स्वतःच वर आले:
"आलोय. बोला काय ते."

मी कोपरखैरण्याची. रबाळ्याच्या कंपनीत
तीस वर्षं मीटर कॅलिब्रेट करणारी बाई.
मला विचारतात, फरक पडतो का?
पडतो. शंभराचे चारशे केले
की पलीकडच्या मीटरवर सुई एक घर सरकते.
चौपट द्या, एक घर घ्या.
तेही कधी कामाचं असतं, नाही कशाला म्हणू;
बुडत्याचं नाक वर राहायला
चार बोटं पुरतात.

पण त्या यंत्राला तोंड आहे, कान नाहीत.
टिपणीस होबार्टला पोचले,
होबार्टचं उत्तर मात्र अडकलं
सेक्टरभरच्या एलईडीत, लिफ्टच्या मोटरीत,
कुणाच्या तरी स्वस्त चार्जरच्या खरखरीत.
"माझं कॉलसाइन घेतलं, एवढं कळलं," फोनवर म्हणाले,
"पुढचं सगळं पिठात."

मार्चमध्ये एका रात्री सबस्टेशन गेलं.
ऐरोलीपासून कोपरखैरण्यापर्यंत मिट्ट.
मी स्कूटरची बॅटरी गच्चीवर नेली,
टाकीच्या पाइपाला तार बांधली,
हेडफोन घातला आणि वाटलं, सेट बिघडला.
इतकं स्वच्छ.
खाडीवरचे रोहित पक्षी झोपेत कुरकुरले
तेही ऐकू आलं.

मग मोर्स. जवळचा, अडखळता, ओळखीचा हात:
टिपणीस. जुन्या डब्यावर, पाच वॉट.
चारशेचे पाच म्हणजे तीन घरं खाली,
आणि वर थोडं.
मी उत्तराला किल्लीवर बोट ठेवलं,
तेवढ्यात खोल तळातून
सुतासारखं बारीक कुणी आलं.
होबार्ट. तिकडे पहाट होत होती.
मी बोट उचललं.

त्याने नाव सांगितलं. टिपणिसांनी सांगितलं.
त्याने हवा सांगितली, गुडघ्याचं दुखणं सांगितलं,
मुलगी कुठे असते ते सांगू लागला,

आणि लाईट आली.
अख्खा सेक्टर ओरडला, "आली!"