बारा गावचं पाणी

विजापूर वेशीत चहा पिताना
रझाक विचारतो, "समुद्र केवढा होता बे?"
विमानानं तीन तास, मी म्हणतो.
तो बशीत फुंकर मारतो. "मग लहानच की."

लहानच, रझाक.
पण मी मालाच्या विमानात होतो,
घोडीच्या खोक्याला पाठ लावून,
खाली टास्मान, आणि तिच्या छातीतून
जो आवाज निघत होता
तो तीन तासांत मावत नव्हता.

कागदावर तिचं नाव लांबलचक,
मालकाच्या बायकोनं ठेवलेलं.
मी मालदांडी म्हणायचो.
पिकल्या शाळूसारखी पांढुरकी,
मंगळवेढ्याच्या रानात उभी केली असती
तर सापडली नसती.

न्यूझीलंडात आमची जमीन कायम ओली,
टाप पडली की आवाज नाही, नुसता ठसा.
तिथं ती डावीकडे वळायला शिकली,
सगळं आयुष्य डावीकडे.
सिडनीत उजवीकडे पळवतात.
पुण्यासारखं.
सिद्धेश्वराला लोक फेरी घालतात तसं.
माझ्या अंगात ते वळण होतं,
पुण्याच्या तबेल्यातल्या सहा वर्षांचं.
तिच्या नव्हतं.
रोज पहाटे वळण आलं
की ती बाहेरच्या कठड्याकडे सरकायची,
घर तिकडंच असल्यासारखी.
आणि जमीन अशी टणक
की होटगी रोड आठवावा.

हे सगळं चाललं असतं.
पण तिनं पाणी तोंडी लावलं नाही.
नाक बुडवायची, वर बघायची,
थेंब गळू द्यायची.
पहिला दिवस. दुसरा दिवस.
काट्यावर अकरा किलो कमी.
ट्रेनरबाई फोनवर, डॉक्टर फोनवर,
मालक पलीकडच्या किनाऱ्यावरून फोनवर,
मी बादलीपाशी.

स्टेशनासमोर टांग्यांची रांग असायची तेव्हा
आमची बिजली तिसरी नाहीतर चौथी.
उन्हाळ्यात टँकरचं पाणी आलं
की नाकपुड्या फेंदारून मागं सरायची.
अब्बा बादलीत गुळाचा खडा टाकायचे,
कोपरापर्यंत हात घालून ढवळत राहायचे,
मग तोच ओला हात तिच्या ओठांना.
"बू तो अपनी आने दे उसको, दस्तगीर."

गुजरात्याचं दुकान गाठायला दोन बस बदलल्या.
गूळ काळपट, वर कोल्हापूरचा म्हणून छापलेलं,
अल्ला जाणे.
कोपरापर्यंत हात घातला.
पाणी इतकं गार की बोटं कुठं संपली कळेना.

ती प्याली.
अर्धी बादली, मग सगळी,
मग माझी बाही चघळत उभी राहिली.

शर्यतीत पाचवी आली.
वळणावर बाहेर गेलीच,
मग सरळ पट्ट्यात एकेक घोडा मागं टाकत...
पण पाचवी.
"म्हणजे पैसे बुडाले," रझाक म्हणतो.
कुणाचे तरी बुडाले असतील.
पेपरात जॉकीचं नाव होतं, ट्रेनरचं, मालकाचं,
घोडीच्या बापाचंसुद्धा.

पुढच्या हिवाळ्यात एका शिंगरानं
माझा गुडघा फोडला. मग व्हिसा संपला.
आता टॉवेलच्या कारखान्यात गठ्ठे मोजतो.
धोटा डावीकडे जातो, उजवीकडे जातो,
त्याला काही शिकवावं लागत नाही.

"बारा गावचं पाणी प्यालेला माणूस तू,"
रझाक उठताना म्हणतो, चहाचे पैसे माझ्यावर ठेवून.

आमच्या गल्लीत पाणी चौथ्या दिवशी येतं,
रात्री कधीतरी. कुणीतरी ओरडतं, "आलं, आलं!"
आणि घागरी एकमेकींवर आपटायला लागतात.
मी लंगडत जाऊन नळाखाली बादली लावतो.
पहिली धार गढूळ, ती सोडून द्यायची असते.
दुसरीत मी हात घालतो, कोपरापर्यंत,
उगाच.

"काय करताय?" मेहरून म्हणते.
"भरा लवकर, धार बारीक झाली."