पाय बोर्डाला असतात

शारजात, रोलाच्या मागच्या गल्लीत
शफीकुलच्या दुकानात प्रोसेसर
अंड्यांच्या ट्रेमध्ये मांडलेले असतात.
एकेका खळग्यात एकेक, पोट वर करून.
ऑफिसं बंद पडली की येतात इथे
वजनावर, खुर्च्यांच्या मागोमाग.

बोर्डाचा नंबर तळहातावर लिहून नेला होता.
घामाने शेवटचा आकडा आठ की तीन, कळेना.
तो म्हणाला, नंबर राहू दे, सॉकेट बोल.
अकराशे पंचावन्न.
मग तुझ्या नशिबात दोनच पिढ्या, दुसरी आणि तिसरी.
चौथीकडे बघूही नकोस,
तिला पाच टेकू कमी लागतात, तुझ्याकडे नांदायची नाही.

दिवसा मी कंपनीसाठी खिडक्या काढतो, ॲल्युमिनियमच्या.
रात्री बाहेरच्यांसाठी, शीटमागे पंधरा दिरहम.
कंपनीच्याच भंगारातला कॉम्प्युटर, चाळीसला घेतलेला.
फाइल उघडेपर्यंत
झेवियरची दाढी होते, आंघोळही.

सर्वांत तगडा एकशेऐंशीला होता.
हातात घेतला, उलटा केला, खळग्यात परत ठेवला.
सत्तरला एक, कुठल्याशा सर्व्हरमधून निघालेला,
अंगाने दांडगा, पण आंधळा.
चित्र दिसायला वेगळं कार्ड घ्या,
कार्ड आलं की पॉवर सप्लाय रडणार,
स्वस्तातला पाहुणा, सोबत अख्खं वऱ्हाड.
शेवटी मधला. चार कोअर, सत्त्याहत्तर वॅट, पंच्याण्णव दिरहम.
जुना पंधराला त्याने ठेवून घेतला.
ऐंशी मोजले.

अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात.
या जातीत चिपला पाय नसतातच.
पाय बोर्डाला असतात, केसाहून बारीक,
एक वाकला की बोर्ड कचऱ्यात.
श्वास रोखून ठेवला, खटका लावला,
बटण दाबलं.

पंखा फिरला.
पडदा काळा.
तीनदा काळा.

फोनवर शफीकुल म्हणाला, बायोस जुना असणार,
त्याला तिसरी पिढी ठाऊकच नाही.
आधी जुना बसव, बायोस नवा कर, मग नवा बसव.
जुना कुठे आहे?
तुझ्याकडे, मी म्हटलं.
बराच वेळ हसला. मीही हसलो, थोडा उशिराने.

पुढच्या शुक्रवारी ट्रेच्या तळातून शोधला.
कोपऱ्यात माझ्या अंगठ्याने फासलेली पेस्ट, सुकलेली.
पंधराला दिलेला वीसला घेतला.
धंदा आहे, तो म्हणाला, आणि चहा मागवला.

बायोस बदलताना वीज जाता कामा नये.
इलियासने इस्त्री काढली, झेवियरने किटली.
तिघं एका कॉटवर बसून टक्के बघत राहिलो.
एकोणीस. एकोणीस. एकोणीस. वीस.

माझ्या टेबलावर आधी वामन घाणेकर बसायचा.
व्हिसा रद्द झाल्यावरही चार दिवस थांबला,
कुठल्या गिऱ्हाइकाची मापं इंचात,
कुठल्या मशीनचं पातं दोन मिलिमीटर खातं,
फोरमनला नाश्त्याआधी काय विचारायचं नाही.
पाचव्या दिवशी बॅग गेटवर ठेवून
वॉचमनकडून माझं नाव तीनदा म्हणून घेतलं.
तिसऱ्यांदा नीट आल्यावर टॅक्सीत बसला.
पातं खरंच दोन मिलिमीटर खायचं.

सत्त्याण्णव.
कोणी किटलीकडे बघू नका, इलियास म्हणाला.
शंभर.

जुना काढला, अजून कोमट होता.
नवा ठेवला, दाबला नाही, फक्त ठेवला.
या वेळी पडद्यावर त्याचं नाव आलं, पूर्ण, नंबरासकट.

आता झेवियर गालाला फेस लावतो तोवर फाइल उघडते.
पंख्याची घरघर तशीच.
वीज थोडी जास्त जाते, तिघांत वाटून घेतो.

शफीकुल जुना परत मागतो, दहाला.
नाही देत.
माचिसच्या डबीत आहे, खिडकीत, एसीच्या पाण्यापासून लांब.
कोणी अकराशे पंचावन्नवाला काळ्या पडद्यापाशी अडला
तर पाठवा माझ्याकडे.
भाडं नको.
काम झालं की परत आणून द्यावा, एवढंच.