मिक्सर न लावता

मंगफमध्ये, पाचव्या मजल्यावर,
शनिवार चवड्यांवर चालत होता.
मृदुला साडेसातला आली नाइट करून,
बूट दारात, डबा ओट्यावर, न उघडता.
"तीन ॲडमिशन," एवढंच म्हणाली
आणि निळ्या पडद्याआड गेली.
आज चौदा तारीख आहे हे तिला आठवलं का,
मी विचारलं नाही.

रेवतीला मात्र महिनाभर पाठ होती.
काल खाली बकाल्यात मी गुलाब पाहिला,
दीड दिनार.
मनातल्या मनात रुपये केले,
नऊ वर्षं झाली तरी अजून करतो,
आणि ठेवला.
जिन्यापर्यंत आलो, परत गेलो,
आणि बीट घेऊन आलो. एक किलो.

"लाल संपलाय, बाबा."
शाळेत सगळा झेंड्यांत गेला होता,
राष्ट्रीय दिनाचे बत्तीस झेंडे, प्रत्येकात लाल पट्टा.
उरला होता हिरवा, आणि काळा.
कैवल्यनं काळा घेतला.
"बदाम काळा नसतो," रेवती कुजबुजली.
"आईचे केस असतात की," तोही कुजबुजला,
आणि कागद फाटेपर्यंत रंगवत राहिला.

मिक्सर लावायचा नव्हता.
कुकर नाही, एक्झॉस्ट नाही,
तेलात पुरी सोडायची तीसुद्धा कडेनं,
पाण्यात पाय सोडावा तशी.
बीट मी किसणीवर किसलं,
बोटांची सालं आणि बिटाचा रस
कुठलं काय ते कळेना.
रेवतीनं सुरीनं बदाम कापले.
"हे तर पिंपळाचं पान झालं," मी म्हटलं.
"पिंपळ म्हणजे?"
एक झाड. आपल्या गावी, पारावर.
"आपल्या म्हणजे?
मंगफला तर खजुराचीच आहेत."
मला पार समजावता येईना.
तिनं तोवर आणखी चार पानं कापली.

कैवल्य खुर्चीवरून पडला.
तोंड उघडलं, आवाज यायच्या आधी
ताईचा पिठाचा हात त्यावर बसला.
तो तसाच रडला, आवाजाशिवाय,
गालांवर गुलाबी पाच बोटं घेऊन.
मी त्याला उचललं, गॅलरीत नेलं.
दूर रिफायनरीची ज्योत दिवसाही जळत होती,
वाऱ्यात रेती, दोरीवर तिचा पांढरा युनिफॉर्म.
बाराची अजान झाली
तेव्हा त्यानं डोळे पुसून विचारलं,
"त्यांना मोठ्यानं चालतं?"
चालतं, म्हटलं.
"मग आई उठेल ना?"
नाही उठली. या आवाजाची तिला सवय आहे,
आमच्या आवाजाला मात्र ती उठते.

भांडी घासायला घेतली, तेव्हा डबा उघडला.
पोळ्या तशाच, चारच्या चार,
भेंडीवर थंड तेलाची साय.
रात्रभर तिनं एक घास घेतला नव्हता.
सिंकपाशी उभ्यानंच
मी ती भेंडी खाल्ली, शेवटच्या फोडीपर्यंत,
मुलांना पाठ करून.

अडीचला उठली.
केस विस्कटलेले, गालावर उशीची घडी,
आणि टेबलावर चामड्यासारख्या झालेल्या
लाल पुऱ्यांचा ढीग.
काहीतरी बोलेल म्हणून आम्ही तिघं थांबलो.
ती बसली आणि खायला लागली.
नऊ. रेवतीनं मोजल्या.
दहावी अर्धी तोडून माझ्याकडे सरकवली,
माझी बोटं पाहून म्हणाली, "किसणीवर?"
मग काळा कागद उचलला.
"हे काय, वटवाघूळ?"
कैवल्यचा चेहरा पडायच्या आत
तिला कळलं. कसं ते माहीत नाही.
"माझ्या केसांचं आहे," ती म्हणाली.

सहाला खाली हॉस्पिटलची बस वाजली.
ओळखपत्राच्या पाकिटात, स्वतःच्या फोटोवर
तिनं तो काळा बदाम घडी करून सरकवला,
डबा घेतला.
"खाशील," मी म्हटलं.
"बघू," म्हणाली.

लिफ्टचं दार मिटलं.
कैवल्यनं माझी विजार ओढली,
"आता ओरडू?"
ओरड की, म्हटलं, हवं तेवढं.
त्यानं छाती भरून श्वास घेतला
आणि बराच वेळ नुसताच धरून ठेवला.