जनावरांचा रकाना

सुट्टीवर आले आहे.
आष्ट्याच्या अलीकडे, उसाच्या ट्रॉल्यांनी खचलेल्या रस्त्याला लागून
आमची वसाहत. एका मापाची घरं,
ज्याने त्याने आपापल्या रंगाने वेगळी केलेली.
पाटीवर अजून गावाचं नाव नाही.
'चांदोली धरणग्रस्त', आणि खाली दूध संघाची जाहिरात.

आई विचारते, तिकडं कॅमेरूनात नेमकं करतीस काय?
नावं लिहिते, मी म्हणते.
सीमा ओलांडून आलेल्यांची.
नाव, वय, सोबत किती, सोबत नाहीत ते किती,
बोटांचे ठसे, डोळ्यांचा फोटो.
मग एक कार्ड देतो,
की या माणसाला परत ढकलू नये.
"एवढ्यासाठी इमानानं जातीस?"
एवढ्यासाठीच.

तिला डिजाबद्दल सांगते.
नऊ रात्री चालत आली, पाठीवर नातू.
नातवाची आई कुठे, हे तिने मला विचारू दिलं नाही.
काहीही विचारलं तरी एकच शब्द.
दुभाष्या ओशाळला, म्हणाला,
बासष्ट म्हणतेय. गायी होत्या तिच्या.
फॉर्मात गायींना रकाना नाही.
मी पेन टेकवून नुसती बसले,
मागे रांग सूर्यापर्यंत.

"रंग इचारलास?"
कशाचा?
"गायींचा."
नव्हता विचारला.

आई शेणाची पाटी खाली ठेवते.
"आमाला लिवाय आला हुता त्यो चौकड्याच्या शर्टाचा.
घर किती खणांचं, आंबं किती, फणस किती.
फणसाला साठ रुपय लावलं.
म्हशी म्हनला तुमच्या तुमी न्या, सरकारला नकोत.
चौदा आणल्या रानातनं.
हितल्या उन्हात, उसाच्या वाड्यावर,
दुसऱ्या उन्हाळ्याला तीन उरल्या."

म्हणजे तुझं आणि तिचं सारखंच गं, मी म्हणाले.
"सारखं कसं?
आमच्या माघारी ट्रक हुता, बंदूक न्हवती.
तारीख ठावं हुती. उंबऱ्यावर पाणी शिंपून निघाले मी.
तिला कडी तरी लावाय गावली का?"

एवढं नेमकं मी कुठल्याच अहवालात लिहिलेलं नाही.

मग मी तिला बोअरवेलची भांडणं सांगितली.
पहिल्या वर्षी तिथल्या गावाने आपली कसाव्याची जमीन दिली,
तिसऱ्या वर्षी त्याच बायका म्हणू लागल्या,
तुम्ही आलात आणि जळण संपलं.
खोटं बोलत नव्हत्या. झाडं खरंच संपली होती.
आई हसली.
"हितं पैल्याच दिशी हिरीवरनं माझा दोर वडून घेतला एकीनं.
धरणवाले म्हनली. अजून म्हनत्यात.
आन तिन्हीसांजंला येसाबाई शेळके
सोताचा दोर घिऊन आली. निळा, नायलनचा."
त्याचा तुकडा अजून आहे.
पलीकडच्या पारडीच्या गळ्यात.

त्या रात्री मी दुभाष्याला निरोप धाडला.
सहा दिवसांनी उत्तर आलं: अकरा मिनिटांचा आवाज,
मधेच कोंबडा, मधेच नातू रडतोय,
आणि डिजा सांगतेय,
थांबून थांबून, एकेक.

आई गोठ्यात बसून ऐकत होती.
एक अक्षर कळत नव्हतं तिला.
एका ठिकाणी आवाज जरा खाली गेला तेव्हा
म्हणाली, "ही गाभण हुती."
आवाज संपला. म्हैस रवंथ करत राहिली.

किती झाल्या, तिने विचारलं.
मी मोजल्या नव्हत्या.
"एकसष्ट," आई म्हणाली.
"एकीचं तिनं सांगितलं न्हाई."
मग शेणाचा हात लांब धरून
कोपराने फोनकडे दाखवत,
"परत लाव."